संकटसमयीची थैली : काय घ्यावे, काय टाळावे आणि त्यातला व्यापार

आपत्तीत सापडलेल्या माणसांना कसे वाचवावे, याचे शिक्षण देशाला देणारे शहर म्हणून नागपूरची ओळख आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून येथे आहे. पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय या नावाने ओळखली गेलेली संस्थाही त्याच वर्षी येथे सुरू झाली. २०१८ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची म्हणजे एनडीआरएफची अकादमीही नागपुरातच उभी राहिली. देशभरातील जवान येथे येऊन दोर, होडी आणि शिडी वापरायला शिकून जातात. पण याच शहरातील शंभर घरे पाहिली, तर किती घरांत चालू स्थितीतली बॅटरी, एखादी शिट्टी आणि वीस हात दोर एका जागी सापडेल? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गरज पडत नाही, असेही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत घराघरांत आणि दुकानांत शिरले. मोरभवन स्थानकात उभ्या असलेल्या बसगाड्या पाण्यात बुडाल्या. चार माणसे दगावली. सुमारे दहा हजार घरांचे नुकसान झाले. त्याआधी ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त केले होते. त्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही लोक झोपेत होते.

संकट बहुधा अवेळी येते. वीज जाते, मोबाईलचा टॉवर बंद पडतो, रस्ते तुंबतात. सरकारी पथक कितीही तत्पर असले तरी त्याला पोहोचायला काही तास लागतात. तेवढे तास माणसाने कशाच्या आधारावर काढायचे, हा खरा प्रश्न आहे. ज्या थैलीविषयी आज आम्ही लिहीत आहोत ती या काही तासांसाठी आहे. ती महाग नाही, परदेशी नाही आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू आपल्या शहरात मिळते. मात्र ती आधी भरून ठेवावी लागते. पाणी उंबरठ्याशी आल्यावर इतवारीचे दुकान उघडे नसते.

प्रकाश

पहिली वस्तू म्हणजे टॉर्च, जिला आपल्याकडे सरसकट बॅटरीच म्हणतात. मोबाईलमधील दिवा हा पर्याय धरू नये, कारण संकटात मोबाईल बोलण्यासाठी राखून ठेवायचा असतो. हातात धरायच्या टॉर्चपेक्षा कपाळाला बांधायचा दिवा अधिक उपयोगी पडतो. रात्री ओलिताला जाणारे आपले शेतकरी तो वापरतात, ते उगीच नव्हे. दोन्ही हात मोकळे राहिले की एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने कठडा धरता येतो.

चार्जिंगचा दिवा स्वस्त पडतो. पण महिनोन्‌महिने पडून राहिला की ऐन वेळी तो मंद जळतो. म्हणून थैलीत सुट्या सेलवर चालणारा दिवा ठेवावा आणि सेल दिव्याच्या आत न घालता वेगळ्या पाकिटात ठेवावेत. आत राहिलेला सेल नागपूरच्या उन्हाळ्यात पाझरतो आणि आतील पत्रा खाऊन टाकतो. मेणबत्तीवर विसंबू नये. मे महिन्यात ती कपाटातल्या कपाटात वाकते आणि गॅस गळत असलेल्या घरात ती पेटविणे म्हणजे दुसरे संकट ओढवून घेणे होय.

आवाज

दुसरी वस्तू शिट्टी. ढिगाऱ्याखाली किंवा गच्चीवर अडकलेला माणूस ओरडून ओरडून थोड्याच वेळात थकतो, घसा बसतो. शिट्टी फुंकायला दम कमी लागतो आणि तिचा आवाज माणसाच्या ओरडण्यापेक्षा दूरवर जातो. आत गोटी नसलेली प्लास्टिकची शिट्टी घ्यावी, कारण गोटीची शिट्टी भिजली किंवा चिखल गेला की अडते. तीन वेळा फुंकावे, थांबावे, पुन्हा तीन वेळा फुंकावे. तीनच्या संचातला आवाज कानावर पडला की तो खेळ नव्हे, हाक आहे, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येते.

येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. २०२३ च्या पुरात शंकरनगर भागातील मूक-बधिर विद्यालयातील मुलांना पथकाने पाण्यातून बाहेर काढले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना बाहेरची हाक कळत नाही आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांची हाक बाहेर पोहोचत नाही. अशा मुलाच्या गळ्यात शिट्टी आणि हातात दिवा असेल, तर तो आपला ठावठिकाणा सांगू शकतो आणि पथकाच्या दिव्याची खूणही त्याला कळते. ज्या घरात किंवा शाळेत असे मूल आहे, त्यांनी ही थैली सर्वांआधी भरावी.

पाणी आणि मिठा-साखरेची पुडी

पुराच्या दिवशी सगळीकडे पाणी असते आणि प्यायला थेंब नसतो. माणशी दिवसाला निदान तीन ते चार लिटर पिण्याचे पाणी धरावे. एवढे पाणी थैलीत मावत नाही, म्हणून थैलीजवळ झाकणाचा स्वच्छ डबा ठेवावा आणि पावसाचा इशारा ऐकताच तो भरून ठेवावा. थैलीत क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, मग चार पदरी कापडाने गाळावे. नंतर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाकून अर्धा तास थांबावे. एक गोळी किती लिटरला, हे प्रत्येक पाकिटावर वेगळे असते. ते वाचल्याशिवाय गोळी वापरू नये. इंधन हाताशी असेल तर पाण्याला चांगली उकळी आणून ते एक मिनिट खळखळू देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

याच कप्प्यात ओआरएसच्या चार-सहा पुड्या ठेवाव्यात. या पुडीचे मोल समजायचे असेल, तर १९७१ साल आठवावे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन पुरत नव्हते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात घालून रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. आज मिळणारी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी साडेवीस ग्रॅमची असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची असते. अर्ध्या पेल्यात पुडी ओतल्याने गुण येत नाही, उलट अपाय होतो.

ओआरएस असे नाव लावून गोड सरबताचे खोके विकण्याचा धंदा अनेक वर्षे चालला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर ते नाव छापण्यास मनाई केली. तरीही ग्राहकाने वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही, हे पाहूनच पुडी घ्यावी.

दोर आणि रिकामा डबा

दोर घेताना दुकानदार रंग आणि भाव दाखवतो. आपण जात विचारावी. नायलॉनचा दोर मजबूत खरा, पण तो पाण्यात बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो. पुरात अडकलेल्याकडे फेकायचा असेल तर तरंगणाराच हवा. आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा, पंधरा-वीस मीटर लांबीचा दोर घरासाठी पुरे. मात्र तो गच्चीत उन्हात टाकून ठेवू नये, उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात. आणखी एक सावधगिरी : वाहत्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाने दोर कमरेला गाठ मारून बांधू नये. प्रवाहाने ओढले की गाठ सुटत नाही आणि माणूस पाण्याखाली धरला जातो.

दोराच्या टोकाला बांधायला खाद्यतेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा उत्तम. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा डबा पाण्यात साधारण पाच किलो भार तोलून धरतो. माणसाचे शरीर पाण्यात बरेचसे स्वतःच तरंगते. डोके वर ठेवण्यासाठी त्याला सुमारे चार ते सहा किलोंचा आधार लागतो. म्हणून असे दोन डबे एकमेकांना बांधून छातीशी धरले, तर मोठ्या माणसाला मदत येईपर्यंत टिकाव धरता येतो. हे साधन नदी किंवा नाला ओलांडण्यासाठी नाही, हे मात्र मुलांना बजावून सांगावे. गुडघ्याखालचे वाहते पाणीही माणसाला पाडते.

मोबाईलची शिदोरी

पॉवर बँक हवी, पण ती घेताना अंकांना भुलू नये. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलेले असते, ते आतील सेलचे माप असते. सेलचा दाब ३.७ व्होल्ट, म्हणजे एकूण साठा ३७ वॅट-तास. तीच वीज ५ व्होल्टवर बाहेर पडते तेव्हा आकडा ७,४०० वर येतो आणि वाटेतील तूट धरता हाती सहा-साडेसहा हजारच लागतात. सामान्य मोबाईल त्यातून फार तर दीड वेळा भरतो. बाहेर किती वीज मिळते, हे चांगला कारखानदार बारीक अक्षरांत छापतो. ते आणि भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक, दोन्ही पाहून घ्यावेत. रस्त्यावर तराजूत तोलल्यासारखी विकली जाणारी बिनक्रमांकाची पॉवर बँक घरात आग लावू शकते. ही वस्तू उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कधीही ठेवू नये.

मोबाईलमध्ये ११२ हा आपत्काळाचा क्रमांक, १०८ रुग्णवाहिकेचा, १०१ अग्निशमनाचा आणि १०७७ जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक साठवावा. हेच क्रमांक एका कागदावर लिहून थैलीतही ठेवावेत. सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर जुना वाटेल. पण टॉवर बंद पडल्यावर बातमी देणारा तोच एक राहतो.

कागदपत्रे

पुराचे पाणी दोन दिवसांत ओसरते. भिजलेले कागद दोन वर्षे छळतात. २०२३ च्या पुरानंतर सरकारने बाधित कुटुंबांना दहा हजार आणि दुकानदारांना पन्नास हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. अशी मदत पंचनाम्यावर मिळते आणि पंचनाम्याला पुरावा लागतो. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, भाडेपावती किंवा मालकीचा कागद आणि दुकानाचा परवाना यांच्या प्रती दुहेरी बंदाच्या प्लास्टिक पाकिटात घालून थैलीत ठेवाव्यात. व्यापाऱ्यांनी दर महिन्याला मालाची आणि खरेदीच्या बिलांची छायाचित्रे काढून ती नात्यातल्या दुसऱ्या गावच्या माणसाकडेही पाठवून ठेवावीत. तळघरातली वही बुडाली, तरी हिशेब बुडत नाही.

काय टाळावे

परदेशी चित्रफिती पाहून हल्ली डबीबंद ‘सर्व्हायव्हल किट’ घेण्याची हौस तरुणांत दिसते. त्या डबीत मासे धरायचे गळ, तारेची करवत, चकमक आणि मुठीत होकायंत्र बसविलेला सुरा असतो. ज्याला सीताबर्डीच्या तिसऱ्या मजल्यावर एक रात्र काढायची आहे, त्याला गळ कशाला? चाकूच्या बाबतीत तर विशेष जपावे. घरगुती, शेती व उद्योगाची हत्यारे सोडून ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू-सुरे शस्त्रविषयक कायद्याच्या वर्गवारीत येतात. शिवाय शहरात पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी लागू असतात. बटणाचा चाकू खिशात सापडला, तर तो ‘आपत्तीसाठी’ होता हे कोणी ऐकून घेणार नाही. थैलीत चांगली कात्री पुरे.

सर्वांत घातक वस्तू म्हणजे सर्पदंशाचे विष ओढून काढणारा पंप. त्याने विष निघत नाही, वेळ मात्र जातो. जखमेला काप देणे, चोखणे, वर आवळून दोरी बांधणे, हे सर्व अपायकारक आहे. दंश झालेल्याला धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठ्या, कडी, बूट काढावेत. हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे.

रानात जाणाऱ्यांसाठी

आपल्या भागात रान ही हौशी पर्यटकांचीच जागा नाही. चैत्र-वैशाखात मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करायला हजारो कुटुंबे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात पहाटेपासून असतात. तेथे पुराचे नव्हे, उन्हाचे भय मोठे. पारा पंचेचाळीसवर जातो. अशा मजुरासाठी थैली आणखी लहान हवी : दोन-तीन लिटर पाणी, ओआरएसच्या दोन पुड्या, शिट्टी, कपाळाचा दिवा, रुंद पट्टीचे बँडेज, डोक्याला बांधायला सुती दुपट्टा. दुपट्टा ओला केला की अंग थंड राहते, कोरडा असला की गाळणी होते, फाडला की पट्टी होते. ठेकेदाराने मजुरीबरोबर एवढी थैली दिली, तर खर्च विडीच्या एका पुडक्याच्या हिशेबातही दिसणार नाही.

यातला व्यापार

आता धंद्याचे. या थैलीतील माल एका दुकानात मिळत नाही. दोर आणि डबा इतवारीत, दिवा-सेल इलेक्ट्रिकच्या घाऊक दुकानात, पुड्या व गोळ्या दवाबाजारात, थैली शिवायची ताडपत्री आणखी कुठे. ग्राहक चार बाजार फिरत नाही, म्हणून घर रिकामे राहते. ही फिरण्याची मेहनत जो करील, त्याची कमाई तेथे आहे. जपानमध्ये १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ १ सप्टेंबर हा आपत्ती प्रतिबंध दिन पाळतात आणि तेथे अशी थैली दारामागे ठेवण्याची चाल रूढ आहे. मोठ्या दुकानांत ती तयार मिळते. आपल्याकडे ही जागा मोकळी आहे.

थोड्या भांडवलाच्या तरुणांनी आणि शिलाई करणाऱ्या भगिनींनी याचा विचार करावा. ताडपत्रीची, खांद्याला दोन्ही बाजूंनी अडकवता येणारी थैली घरी शिवता येते. पहिल्या खेपेला पन्नासच थैल्या भराव्यात. गिऱ्हाईक कोण? शाळा, वसतिगृहे, गृहनिर्माण संस्था, तेंदूचे ठेकेदार, जंगल सहली नेणारे आणि मालमोटारींचे मालक. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरात मिळतात. रात्री रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकच्या चालकाला दिवा, दोर आणि चमकणारा त्रिकोण यांची गरज रोजचीच आहे.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, सेल, गोळ्या आणि पुड्या यांचा साठा करून ठेवू नये. आपल्या उन्हाने त्यांची मुदत कागदावर राहते, गुण उरत नाही. मागणीप्रमाणे ताजा माल आणावा. दुसरे, औषधाचा परवाना नसेल तर औषधे स्वतः विकू नयेत. थैलीत त्यांच्यासाठी कप्पा आणि यादी द्यावी, खरेदी ग्राहकाने औषध दुकानातून करावी. तिसरे, प्रत्येक थैलीत वस्तूंची आणि मुदतीची चिठ्ठी घालावी व वर्षातून एकदा अल्प मोबदल्यात थैली तपासून जुने बदलून द्यावे. विक्री एकदा होते, तपासणीचे काम दरसाल मिळते.

इतर माल खराब निघाला तर ग्राहक परत आणून आदळतो. हा माल खराब निघाला, तर तो परत आणायला ग्राहक उरेलच असे नाही. म्हणून ही विक्री म्हणजे एक प्रकारची अमानत आहे. पैसे आज घेतले तरी माल पोचता होतो तो संकटाच्या रात्री, आणि त्या रात्री दिवा लागलाच पाहिजे.

एक शेवटची सूचना

थैली भरली म्हणजे काम संपले नाही. ती माळ्यावर किंवा कुलपात नको. दाराजवळ, लहान मुलाच्याही हाताला लागेल अशा खुंटीवर हवी. वर्षातून दोनदा ती उघडावी : एकदा उन्हाळा लागण्याआधी आणि एकदा मृग नक्षत्राच्या तोंडावर. सेल घालून दिवा लावून पाहावा, शिट्टी फुंकावी, दोर उलगडून ताणावा, पुड्यांवरील तारीख वाचावी. मुख्य स्विच कोठे आहे आणि गॅसची टाकी कशी बंद करायची, हे घरातील प्रत्येकाला त्याच वेळी दाखवावे. या साऱ्याला अर्धा तास पुरतो. वाचकांनी येत्या सुटीच्या दिवशी हा अर्धा तास काढावा, एवढीच आमची विनंती आहे.